गारदी, कमांडो आणि माझ्या भाच्याचा फॉर्म

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करत होता. फजरची नमाज झाली की मैदानावर सोळाशे मीटर धावायचं, मग शंभर मीटर, मग गोळाफेक. दुपारी अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. मी मिरजेत इतिहास शिकवतो, त्यामुळे सामान्य ज्ञानाचा पेपर माझ्या वाट्याला आलेला. एका संध्याकाळी त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. औंधच्या लष्करी तळावर परदेशी सैनिक आपल्या जवानांबरोबर सराव करत होते. आपल्या खटाव तालुक्यातलं औंध नव्हे, पुण्याचं.

हा 'दुस्तलिक' नावाचा सराव. १६ ते २८ एप्रिल असा तो चालला. आलेले सैनिक उझबेकिस्तानचे. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ दोस्ती. विषय असा की दहशतवाद्यांनी एखाद्या भागाचा ताबा घेतला, तर दोन्ही सैन्यांनी मिळून छापा कसा घालायचा.

"मामू, हे उझबेकवाले मुसलमानच ना?" भाच्यानं विचारलं.

"बहुतेक सगळे."

"मग हे कुणाच्या विरोधात शिकतायत?"

मी तेव्हा हसून टाळलं. पण सराव चालू असतानाच २२ एप्रिल उजाडला. पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. धर्म विचारून मारली गेली. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते, आणि पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथला एक मुसलमान घोडेवालाही होता. पुढचे काही दिवस कसे गेले ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कॉलेजच्या ग्रुपवर, एसटीत, चहाच्या गाड्यावर आपल्या पोरांकडं बघणाऱ्या नजरा बदलल्या. त्या आठवड्यात माझी बहीण मुलाला म्हणाली, "फॉर्म भरू नकोस. एक तर तुला घेणार नाहीत. आणि घेतलंच तर आपल्याच लोकांवर सोडतील."

हा लेख त्या वाक्याला दिलेलं उत्तर आहे. तिला तोंडी नीट देता आलं नाही, म्हणून लिहितोय. कारण हे वाक्य एकट्या माझ्या बहिणीचं नाही. सातारा आणि सांगलीतल्या कितीतरी घरांत ते बोललं जातं, फक्त दार लावून.

आधी भाच्याच्या प्रश्नाकडं येऊ. दहशतवादाविरुद्धचं प्रशिक्षण म्हणजे मुसलमानांविरुद्धचं प्रशिक्षण, असं आपल्यातल्या अनेकांना वाटतं. गंमत अशी की आपल्याविषयी द्वेष पसरवणाऱ्यांनाही नेमकं तेच वाटतं. दोघांनाही औंधचा तो व्हिडिओ अडचणीचा आहे. भारतीय लष्कर उझबेकिस्तानबरोबर सराव करतं, तसं कझाकस्तान, ओमान, इजिप्त, बांगलादेश, इंडोनेशिया, मलेशिया, मालदीव यांच्याबरोबरही केलेलं आहे. हे सगळे मुसलमान बहुसंख्येचे देश. त्यांच्याही बाजारात बॉम्ब फुटलेत. १९९९ च्या फेब्रुवारीत ताश्कंदमध्ये स्फोट झाले, त्यात मेलेली माणसं त्यांच्याच शहरातली होती. दहशतवादी पहिली गोळी कुणावर झाडतो हे त्याच्या दाढीवरून ठरत नाही.

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. त्याच उझबेकिस्तानात त्या स्फोटांनंतर सरकारनं हजारो साध्या नमाजी माणसांना तुरुंगात घातलं. कुणाची दाढी, कुणाचं मशिदीत नेमानं जाणं, एवढ्यावर संशय. राज्यकर्ते मुसलमान, पोलीस मुसलमान, आणि कोठडीतला माणूसही मुसलमान. म्हणजे बंदूक धरणारा आपल्या धर्माचा असला की न्याय मिळतोच असं नाही. मग न्याय कशावर ठरतो? याचं उत्तर शोधायला ताश्कंदला जायची गरज नाही. ते आपल्या सातारच्या मातीत आहे.

परदेशी उस्तादाकडून लढाई शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. अठराव्या शतकात फ्रेंचांची कवायती पलटण बघून दक्षिणेतले सगळे सत्ताधीश चकित झाले होते. रांगेत उभं राहायचं, हुकमावर एकदम बार काढायचा, तोफा आणि पायदळ एकत्र हलवायचं. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली ही कवायत शिकून तयार झालेला एक माणूस होता इब्राहिमखान गारदी. आधी निजामाकडं, नंतर सदाशिवरावभाऊंकडं. गारदी हा शब्दही फ्रेंचांच्या 'गार्द'वरून, म्हणजे पहारेकरी या अर्थाच्या शब्दावरून आला असं म्हणतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर समोर अब्दाली होता. अफगाण, मुसलमान. इब्राहिमखानाच्या पलटणी त्या दिवशी मराठ्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत लढल्या. तो जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. आपल्या पोरांना शाळेत हे नाव ओझरतं भेटतं. ते नीट भेटायला हवं.

आता बारा वर्षं पुढं या. ३० ऑगस्ट १७७३, पुण्याचा शनिवारवाडा. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी वाड्यात घुसले आणि त्यांनी पेशवा नारायणरावाचा खून केला. तीच कवायत, तेच गारदी म्हणून ओळखले जाणारे पगारी शिपाई. मारेकऱ्यांच्या म्होरक्यांत सुमेरसिंग होता, खरगसिंग होता आणि महंमद इसाफही होता. हिंदू आणि मुसलमान दोन्ही. म्हणून सांगतो, 'गारदी' या शब्दाला आज जो काळा डाग आहे तो एका धर्माचा नाही. पानिपतावरच्या निष्ठेवरही एका धर्माचा शिक्का मारता येत नाही.

मग फरक कुठं पडला? कवायत एकच होती. पानिपतावर तिच्यामागं उघड हुकूम होता, समोर जाहीर शत्रू होता. शनिवारवाड्यात तिच्यामागं बंद दाराआडचं कारस्थान होतं. परदेशी उस्ताद बार कसा काढायचा ते शिकवतो. कुणावर काढायचा आणि कुणाच्या हुकमावर, हे तो शिकवू शकत नाही. ते घरचं काम आहे.

आणि हे घरचं काम त्या वेळी केलं ते एका सातारकरानं. रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. गारद्यांनी तलवार चालवली इथंच ते थांबले नाहीत. हुकूम कुणाचा, हे त्यांनी विचारलं, आणि गादीवर बसलेल्या राघोबादादांना दोषी ठरवलं. अंमल झाला नाही तेव्हा पद सोडून निघून गेले. पलटणी फ्रेंचांकडून शिकून आल्या, तोफा विकत मिळाल्या. रामशास्त्री विकत आणता येत नव्हता.

आणखी एक उदाहरण कोरेगाव तालुक्यातलं. कण्हेरखेड हे शिंद्यांचं मूळ गाव. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन नावाच्या साव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेतलं. त्यानं उभ्या केलेल्या कवायती फौजांनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथं राजपुतांचा पराभव केला. त्याच्यानंतर पेरॉन आला. पण १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं, तेव्हा काय झालं? इंग्रजांनी जाहीर केलं की शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्यांची सोय केली जाईल. एकामागून एक युरोपीय अधिकारी निघून गेले. ऐन लढाईच्या हंगामात पेरॉनही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. मागं राहिले ते इथले शिपाई. लासवारीला १ नोव्हेंबर १८०३ रोजी ते असे लढले की इंग्रज सेनापती लेकनंही त्यांची वाखाणणी केली. तरीही हरले. अधिकारी उसने होते, ते ज्याचे त्याच्याकडं परत गेले.

हे फक्त जुनं नाही. अमेरिकेनं आणि तिच्या मित्रांनी अफगाण फौजेला वीस वर्षं शिकवलं, शस्त्रं दिली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले तेव्हा ती फौज विरून गेली होती. मालीमध्ये २०१२ साली निवडून आलेलं सरकार उलथवणाऱ्या कॅप्टन सानोगोचं काही शिक्षण अमेरिकेत झालं होतं. प्रशिक्षण वाया जातं असं मला म्हणायचं नाही. प्रशिक्षण हे धारेसारखं असतं. विळ्याला लावली तर ऊस तुटतो, आणि बोटही तुटतं.

आता आपल्या राज्याकडं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबई पोलिसांकडं काय होतं, हे साऱ्या जगानं टीव्हीवर बघितलं. जुन्या बंदुका, लाठ्या, कुचकामी जाकिटं. गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे हे जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. लष्करातली नोकरी करून पोलिसात आलेला माणूस. हातात फक्त लाठी. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही, म्हणून तो अतिरेकी जिवंत सापडला आणि कट कुठं शिजला ते जगापुढं आलं. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्या हल्ल्यात मेलेल्यांत मुसलमानही होते. आणि मुंबईच्या मुसलमानांनी मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला होता. हे आपण कुणाला दाखवायला केलं नव्हतं. ते आतून आलं होतं.

त्यानंतर राज्यानं 'फोर्स वन' ही तुकडी उभी केली. दिल्लीच्या एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं. खुद्द एनएसजी १९८४ मध्ये उभी राहिली तेव्हा तिच्यासमोर नमुना होता ब्रिटनच्या एसएएसचा आणि जर्मनीच्या जीएसजी-नाइनचा. २०१४ च्या फेब्रुवारीत भारत आणि इस्रायल यांच्यात अंतर्गत सुरक्षेच्या सहकार्याचा करार झाला. मला कुणी विचारलं तर सांगेन, ओंबळेंच्या हातात लाठीऐवजी चांगलं शस्त्र आणि अंगावर चांगलं जाकीट असायला हवं होतं, आणि ते कुठल्या देशाकडून शिकून येतं याचं मला वावडं नाही. खोलीत ओलीस असताना दार कसं उघडायचं ही विद्या आहे. ती जिथं मिळेल तिथून घ्यावी.

पण विद्येबरोबर नजरही येते, आणि तिथं सावध राहायला हवं. जो देश दुसऱ्यांची जमीन ताब्यात ठेवून तिथल्या लोकांवर पहारा करतो, त्याच्या फौजेला नाक्यावर उभा असलेला प्रत्येक तरुण संशयित दिसायची सवय लागते. ती नजर आपल्याकडं आणायचं कारण नाही. पॅलेस्टिनी हे इस्रायलच्या ताब्याखालचे लोक आहेत. मिरजेचा, कराडचा मुसलमान हा भारताचा नागरिक आहे. हा फरक शिकवणारा परदेशी उस्ताद मिळणार नाही. तो आपल्याच संविधानातून शिकायचा आहे.

ही नजर चुकली की काय होतं? ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं मेली, बहुतेक नमाजला आलेली. पकडले गेले नऊ मुसलमान तरुण. त्यांची पाच वर्षं तुरुंगात गेली आणि २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना आरोपांतून मुक्त केलं. त्याच वर्षीच्या ११ जुलैच्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयानं सगळ्या बारा जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक निकालाआधीच तुरुंगवासात मेला होता. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोट खटल्यातले सातही आरोपी सुटले.

या निकालांवर आपल्याकडं नुसता एक बाजूचा जल्लोष किंवा दुसऱ्या बाजूचा राग झाला. मला आठवतात ते मेलेले. लोकलमध्ये पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना कुणी मारलं हे अजून ठाऊक नाही. चुकीचा माणूस आत गेला, की बरोबरचा बाहेर राहतो. म्हणून निष्पक्ष तपास ही मुसलमानांवरची मेहेरबानी नाही. पुढच्या डब्यात बसलेल्या प्रत्येक प्रवाशाची ती गरज आहे.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या गावचा. १० सप्टेंबर २०२३ ची रात्र. खटाव तालुक्यातली पुसेसावळी. सोशल मीडियावरच्या मजकुरावरून जमाव चालून आला, प्रार्थनास्थळावर, घरांवर, दुकानांवर हल्ला झाला आणि एका मुसलमान तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. तिथं हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो काय करणार होते? तिथं लागतो तो गाव ओळखणारा पोलीस, जो मजकूर फिरायला लागल्यावर तासाभरात हालचाल करतो, दोन्हीकडच्या चार माणसांना बोलावून बसवतो आणि जमावासमोर उभा राहतो. त्याची कवायत कुणी करून घ्यायची?

२००९ च्या सप्टेंबरात मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली, तेव्हा मी ते दिवस गल्लीत काढलेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हवालदार होते. नाव सांगत नाही. हातात काठी, आवाज खणखणीत. पोरं दगड घेऊन जमायला लागली की ते एकेकाला नावानं हाक मारायचे. "तुझ्या बापाला सांगू का रे?" एवढंच. नावानं हाक मारल्यावर दगड खाली पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पलीकडच्या गल्लीतही ते तसंच करत होते. आमची गल्ली वाचली. ती विद्या इस्रायलची नव्हती, अमेरिकेची नव्हती. पंधरा वर्षं त्याच भागात बीट सांभाळून आली होती.

तासगाव तालुक्यातल्या तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या जिल्ह्यातच नवे शिपाई तिथं घडतात. मला वाटतं, दहशतवादाविरुद्धच्या लढाईतला अर्धा निकाल अशा ठिकाणी लागतो. तिथल्या वर्गात मालेगावचा खटला शिकवला जावा. चुकीची अटक झाली की खरा गुन्हेगार कसा निसटतो, ते शिकवलं जावं. आणि त्या वर्गात बसलेल्यांत आपली पोरं असावीत. २००६ च्या सच्चर समितीनं पोलिसात मुसलमान किती कमी आहेत ते मांडून बरीच वर्षं झाली. पोलीस ठाण्यात गल्लीची भाषा कळणारा माणूस असला, तर संशयित कोण आणि शेजारी कोण हे कळायला सोपं जातं.

म्हणून तरुण मित्रांनो आणि मैत्रिणींनो, तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात, आणि त्या दोन्ही एकदम हव्यात.

पहिली, आत जा. अल्पसंख्याक उमेदवारांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षणाची सरकारी योजना आहे, तिची जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. मैदानी चाचणी पन्नास गुणांची आणि लेखी शंभरची. त्या दीडशे गुणांत जात-धर्माचा रकाना नाही.

दुसरी, बाहेर राहून प्रश्न विचारा. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितलं. २०२० च्या डिसेंबरात प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं. आपल्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. असं विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे. माहुलीच्या रामशास्त्र्यांनी पेशव्याला विचारलं, ते यापेक्षा कितीतरी अवघड होतं.

यातली एकच गोष्ट केली तर पुरत नाही. नुसतं आत गेलं आणि प्रश्न सोडले, तर आपण शनिवारवाड्यातले गारदी होऊ. नुसते प्रश्न विचारले आणि आत गेलोच नाही, तर आपल्यासाठी दुसराच कुणी ठरवत राहील की शत्रू कोण.

माझ्या बहिणीचं म्हणणं खोटं नाही. तिच्या भीतीला मालेगावचा आणि पुसेसावळीचा आधार आहे. मी तिला एवढंच म्हणतो, आपा, 'आपल्याच लोकांवर सोडतील' या तुझ्या वाक्यात 'आपले लोक' कोण ते तुझा मुलगा ठरवेल. ओंबळेंनी ठरवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी उभ्या त्या हवालदारांनी ठरवलं होतं. इब्राहिमखानानंही ठरवलं होतं.

भाच्यानं फॉर्म भरलाय. आपानं फीचे पैसे दिले, पण अजून ती माझ्याशी नीट बोलत नाही. सोळाशे मीटरला त्याला अजून काही सेकंद कमी करायचेत.